मध्ययुगीन आणि आरंभिक आधुनिक इतिहासाचा अभ्यास: ठाणे-नवी मुंबईत राहून संधी कुठे आहेत?

ऐरोलीची वाचक

दूरस्थ शिक्षणातून इतिहासात एम.ए. पूर्ण केले असून सध्या महापे येथे एका कंपनीत नोकरी करते. वय तिशीच्या पुढे आहे. उत्तर कोकणाचा साधारण 1300 ते 1750 हा कालखंड, म्हणजे शिलाहार-यादवांनंतरची सल्तनत, मग पोर्तुगीज आणि शेवटी मराठ्यांची वसई मोहीम, हा माझ्या आवडीचा विषय आहे. या काळावर काम करायचे तर संधी नेमक्या कोणत्या, हे जाणकारांकडून समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझी अडचण अशी की, 'आंतरराष्ट्रीय परिषद, निबंध पाठवा, प्रमाणपत्र मिळवा' अशा निरोपांनी माझी पेटी भरून वाहते, परंतु त्यांतले खरे काय आणि निव्वळ दुकानदारी कोणती, हे कळत नाही. दुसरीकडे ज्या संस्थांची नावे आदराने घेतली जातात त्या पुण्यात, गोव्यात किंवा थेट परदेशात आहेत. आठवड्यातून एक सुटी हाती असलेल्या व्यक्तीने सुरुवात कुठून करावी? परिषदा, शिष्यवृत्त्या, अभ्यासवर्ग, यांपैकी आधी काय धरावे? आणि या वयात हे सारे करण्याला काही अर्थ आहे का, हेही स्पष्टपणे सांगावे.

बोरू

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अर्थ नक्कीच आहे. या क्षेत्रात हौशी अभ्यासकांची परंपरा विद्यापीठांच्या इतिहास विभागांपेक्षा जुनी आहे. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते.

परिषदांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती, शिका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे अधूनमधून मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग होतात, ठाणे-डोंबिवलीतही खासगी वर्ग चालतात आणि भांडारकर संस्थेच्या 'भारतविद्या' या ऑनलाइन मंचामुळे घरबसल्या शिकण्याची सवय लावणेही आता अवघड राहिलेले नाही. मुळाक्षरे आठवडाभरात येतात. खरा कस त्यानंतर लागतो, कारण लेखकाने आधी पानभर शिरोरेषा ओढलेली असते आणि मग बोरू न उचलता अक्षरे एकमेकांत गुंतवलेली असतात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातच शिवकालीन वळण वेगळे, पेशवाईतले वेगळे आणि इंग्रजी अमदानीतले आणखी वेगळे. पेशवाईतले पान धडधडा वाचणारा माणूस सतराव्या शतकातल्या पत्रापुढे अडखळतो.

ज्याला कागद वाचता येतो, त्याच्याकडे संधी आपण होऊन चालत येतात, असा माझा अनुभव आहे.

नेट झालेला

बोरू यांच्या प्रतिसादाविषयी आदर राखूनही मतभेद नोंदवतो. 'संधी चालत येतात' हे ज्यांचे पोट अन्यत्र भरते त्यांच्यासाठी ठीक आहे. राजवाड्यांचे उदाहरण देताना त्यांनी आयुष्य किती ओढगस्तीत काढले, तेही सांगायला हवे.

संशोधन हा व्यवसाय करायचा असेल तर पीएच.डी.ला प्रवेश, नोंदणीकृत मार्गदर्शक आणि शिष्यवृत्ती हाच मार्ग आहे. यूजीसी-नेटच्या परीक्षेत सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही, परंतु कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला खुल्या गटात तिशीची मर्यादा असून महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. 2023 पासून या शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा 37,000 रुपये झाली आहे. धागाकर्तीचे वय सवलतीत बसत असेल तर एकही संधी दवडू नये. याखेरीज भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि राज्यात सारथी, बार्टी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती निघतात तेव्हा मुदत थोडी असते, त्यामुळे कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत.

कळवा खाडी

आधी मोडी की आधी नेट, या वादात विषयच निसटतो आहे, असे मला वाटते. धागाकर्तीने दिलेल्या कालखंडात मोडी कागद अगदी शेवटी येतात. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि त्यानंतर दोनशे वर्षे साष्टी बेटाचा, म्हणजे आपल्या ठाण्याचाही, कारभार पोर्तुगीज भाषेत लिहिला गेला. 1554 साली सिमाव बोतेल्हो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पोर्तुगीज अमलाखालील महसुलाची जी नोंदवही तयार केली, तिच्यात वसईच्या मुलखाचे उत्पन्न आहे. गावे कोणाला किती रकमेला लावून दिली होती, हे त्या नोंदींतून कळते. ठाण्याच्या सोळाव्या शतकावर बोलायचे आणि ही साधने वाचता येत नाहीत, हे कसे चालेल?

पोर्तुगीज शिकणे वाटते तितके कठीण नाही. पणजीत त्या भाषेचे वर्ग नियमित चालतात आणि ऑनलाइन शिकवणारेही पुष्कळ आहेत. पणजीचे पुराभिलेखागार हे देशातल्या सर्वांत जुन्या दफ्तरखान्यांपैकी एक आहे. 1595 साली दियोगु दु कोतु या इतिहासकाराची त्यावर नेमणूक झाली होती. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांवरचे काम तिथेच बसून केले. शिवाय लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दफ्तरखान्याने असंख्य कागदांच्या प्रतिमा संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत, त्यामुळे ऐरोलीत बसून रात्री अकरा वाजता सतराव्या शतकातले पत्र उघडता येते.

डबा नंबर नऊ

म्हणजे मोडी, पोर्तुगीज, नेट आणि नोकरी. ताई, तूर्त 8:14 च्या लोकलमध्ये खिडकीची जागा कशी मिळवायची, यावरही कोणी अभ्यासवर्ग घेत असेल तर पहा, कारण यातले निम्मे वाचन तिथेच होणार आहे.

मृगसाल

मोडीत तरबेज होण्यासाठी एक जोडविद्या लागते, तिचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही. ती म्हणजे कालगणना. एखाद्या पत्राच्या शेवटी 'सु॥ सबा सलासीन मया व अलफ' असे असते आणि नवा वाचक तिथेच पान मिटतो. 'सु॥' म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना. वर्षाचे आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने लिहिले जातात: सबा म्हणजे सात, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. एकूण 1137. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून मृग ते डिसेंबर या काळातल्या तारखेसाठी 599 मिळवायचे आणि जानेवारी ते मृग या काळासाठी 600. पत्रातला 'छ' हा चंद्राचा असून त्यापुढे हिजरी महिन्याची तारीख येते, त्यावरून वर्षाचा कोणता भाग ते ठरते.

धागाकर्तीसाठी अभ्यास देतो. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा कोट मार्च 1737 मध्ये मराठ्यांकडे आला आणि वसई मे 1739 मध्ये. दुसऱ्या घटनेचे शुहूर साल शब्दांत लिहून दाखवा.

ऐरोलीची वाचक

मृगसाल, प्रयत्न करते. मे महिना मृगाच्या आधीचा, म्हणून 1739 मधून 600 वजा केल्यास 1139. नऊसाठी 'तिसा' हा शब्द आताच शोधला. तेव्हा 'तिसा सलासीन मया व अलफ'. बरोबर आहे का?

मृगसाल

अगदी बरोबर. आता कोणत्याही परिषदेच्या प्रमाणपत्राशिवाय तुम्हाला एक पत्र कालानुक्रमे लावता येईल.

रुमाल

पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात काही काळ काम केले आहे, म्हणून लिहितो. तिथे कागद 'रुमालां'त असतात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, आणि त्यांची विभागणी शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा व पथके अशा जुन्या नावांनीच ओळखली जाते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 च्या सुमारास निवडक कागदांचे 45 खंड निघाले आणि वसई मोहिमेसाठी बहुतेक अभ्यासक त्यांच्यावरच थांबतात. त्या खंडांत प्रामुख्याने राजकीय पत्रव्यवहार निवडला गेला. मोहीम संपल्यानंतर साष्टीत महसूल कसा बसवला, उजाड गावांना कोणती सूट दिली, मिठागरांचे काय केले, हे अजमासात, म्हणजे महसुलाच्या अंदाजपत्रकांत, आणि ताळेबंदात पडून आहे. अशा रुमालाची गाठ सोडली की, वर आलेली धूळ नाकात जाते आणि पहिले तासभर फक्त 'बाकी', 'जमा', 'पैकी' एवढेच शब्द लागतात. मग एखाद्या ओळीत ओळखीच्या गावाचे नाव दिसते आणि हात थांबतो.

ही खरी संधी आहे. कोकणाच्या आर्थिक इतिहासाकडे तुलनेने फारच थोडे लोक वळतात, कारण लढाईच्या पत्रात गोष्ट असते आणि हिशेबात नसते. नोकरीत हिशेबाची सवय असलेल्या माणसाने तर इकडे जरूर यावे.

कळवा खाडी

रुमाल यांच्याशी पूर्ण सहमत. मिठागरांचा मुद्दा पोर्तुगीज बाजूनेही पाहता येईल. दोन्ही भाषांतील नोंदी एकत्र ठेवून ठाणे-वसईच्या एखाद्या गावाचा 1700 ते 1775 असा सलग अभ्यास कोणी केला, तर तो कोणत्याही परिषदेत उभा राहील. शेवटचे साल का, तर डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि त्यानंतरची नोंद मुंबई सरकारच्या इंग्रजी दफ्तरात सुरू होते. ते दफ्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे, म्हणजे ठाण्याहून लोकलने सीएसएमटी आणि पुढे पायी.

जुना नौपाडा

अवांतर वाटेल, पण लिहितो. ज्या किल्ल्याचा इतका उल्लेख झाला, त्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे ठाणेकराला आपला किल्ला आतून पाहण्याची संधी मिळू नये, अशीच प्रार्थना करावी लागते. याच किल्ल्यात नव्या कामासाठी खोदताना 1787 साली शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939 चा, म्हणजे इ.स. 1017 चा, ताम्रपट सापडला आणि त्याचे भाषांतर कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात छापले गेले. भारतीय कोरीव लेखांच्या अभ्यासाची जी अगदी सुरुवातीची पाने आहेत, त्यांत ठाण्याचे नाव आहे. पुढे 1977 साली वा. वि. मिराशी यांच्या संपादनाने शिलाहारांचे सारे कोरीव लेख एका खंडात आले. ज्यांना मध्ययुगाचा आरंभ पाहायचा आहे त्यांनी तो खंड आणि अंबरनाथच्या मंदिरातला शके 982 चा लेख यांपासून सुरुवात करावी. त्यासाठी संस्कृत लागेल, हे ओघाने आलेच.

डबा नंबर नऊ

चौथी भाषा आली. मी मोजतो आहे.

पांढरा शिसा

पाचवी मी देतो, लॅटिन. विनोद करत नाही. एप्रिल 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस हा त्यांतला प्रमुख. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस तेव्हा गावात नव्हता, त्याने परतून त्यांचे दफन केले. काही काळाने पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी तिथे आला आणि त्याने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. ओडोरिकच्या प्रवासवर्णनात ठाण्याचे वर्णन आहे आणि युरोपात त्याच्या कितीतरी हस्तलिखित प्रती झाल्या. युरोपातील मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्याला 'ताना' हे गाव चांगले माहीत असते. आपल्याकडे तलावपाळीवर फिरणाऱ्या किती जणांना ही घटना ठाऊक आहे?

परदेशातील संधींविषयी बोलायचे तर लीड्स येथे 1994 पासून दर जुलैत भरणारी आंतरराष्ट्रीय मध्ययुगीन परिषद आणि अमेरिकेत कलामाझू येथे मे महिन्यात होणारी परिषद, या दोन सर्वांत मोठ्या आहेत. लीड्सचे प्रस्ताव आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात मागवले जातात, गरजूंसाठी आर्थिक साहाय्याची सोय असते आणि महासाथीनंतर ऑनलाइन सहभागही सुरू झाला आहे. तिथे भारतातून निबंध फार कमी जातात. 1321 च्या ठाण्याविषयी ठाण्यातल्याच व्यक्तीने बोलावे, यापेक्षा चांगला प्रस्ताव मला सुचत नाही. ब्रिटनमधील ग्रंथालयांत अल्पकाळ संशोधन करण्यासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचे अनुदान आहे, तेही नजरेत ठेवा.

वाशी पूल

परिषदांचा विषय निघालाच आहे तर थोडे कडवट लिहितो. मागे एका 'आंतरराष्ट्रीय' परिषदेसाठी मी नोंदणीशुल्क भरले. प्रत्यक्षात एका सभागृहात समांतर सत्रे म्हणून तीन कोपऱ्यांत एकाच वेळी निबंधवाचन चालू होते, प्रत्येकाला पाच मिनिटे, प्रश्नोत्तरे नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्र, विपणन आणि मराठेशाही यांची एकाच टेबलावर सरमिसळ होती. जेवण मात्र उत्तम होते. नाव सांगत नाही, कारण अशा आयोजकांची संख्या मोठी आहे आणि एकाला वेगळे काढणे अन्यायाचे होईल.

परिषद खरी की खोटी हे ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. विषय किती अरुंद आहे ते पाहावे. 'मानव्यविद्या, विज्ञान, वाणिज्य आणि तंत्रज्ञानातील नवे प्रवाह' असे शीर्षक असेल तर दुरूनच नमस्कार करावा. मागच्या अधिवेशनात कोणी काय वाचले हे छापील स्वरूपात पाहायला मिळते का, हेही तपासावे.

नेट झालेला

वाशी पूल यांच्या कसोटीला अनुमोदन. त्या कसोटीवर उतरणाऱ्या देशी परिषदाही सांगून ठेवतो. इंडियन हिस्ट्री काँग्रेसचे पहिले अधिवेशन 1935 साली पुण्यातच झाले. ते सहसा डिसेंबरअखेरीस भरते, त्यात मध्ययुगीन भारताचा स्वतंत्र विभाग असतो आणि सदस्यत्व घेऊन कोणीही निबंध पाठवू शकतो. मराठीत निबंध वाचायचा असेल तर अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद आणि कोकण इतिहास परिषद यांची अधिवेशने आहेत. धागाकर्तीचा विषय पाहता कोकण इतिहास परिषद सर्वांत जवळची ठरेल. तिथे ज्या गावावर निबंध वाचावा त्या गावचा माणूस श्रोत्यांत बसलेला असतो आणि तो गप्प बसत नाही.

बोरू

हे मात्र खरे. परीक्षकापेक्षा तो श्रोता अवघड.

अर्थार्जनाचा मुद्दा राहून गेला. नेट झालेला यांना पोटाची चिंता आहे, ती रास्तच आहे, परंतु मोडी वाचणाऱ्याला आज काम मिळते. आगरी-कोळी गावांतली जमिनीची जुनी कागदपत्रे, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांचे लिप्यंतर करून घेण्यासाठी लोक वाचक शोधत असतात, आणि 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून ही मागणी खूपच वाढली आहे. हे काम इतिहास संशोधन नव्हे, परंतु हात बसतो आणि दोन पैसे मिळतात. फक्त न्यायालयात जाणाऱ्या कागदाचे लिप्यंतर करताना एक अक्षर जरी लागले नाही तरी तिथे तसे स्पष्ट लिहावे, अंदाजाने भरू नये.

ऐरोलीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार प्रतिसाद मिळतील, अशी अपेक्षा नव्हती. वाचून जे ठरवले ते सांगते. पाच भाषा एकदम शिकणे मला शक्य नाही, त्यामुळे मोडी आणि पोर्तुगीज एवढ्या दोन धरते. मोडीचा वर्ग आधी, आणि पोर्तुगीज रोज रात्री थोडे. नेटचा अर्ज भरणार आहे, वय सवलतीत बसते. रुमाल यांनी सुचवलेला साष्टीच्या महसुलाचा विषय मला सर्वांत जवळचा वाटला, कारण माझे रोजचे काम ताळेबंदांचेच आहे. 1321 चा विषय मोहात पाडणारा आहे, पण लॅटिनशिवाय त्याला हात लावणार नाही.

एकच प्रश्न उरतो. पुण्याला जाण्याआधी ठाण्यात किंवा मुंबईत छापील साधने कुठे बसून पाहता येतील? पेशवे दफ्तराचे 45 खंड घरी विकत घेणे अशक्य आहे.

जुना नौपाडा

ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आहे, तिथून सुरुवात करा आणि जुन्या खंडांची चौकशी करा. ठाण्यातच इन्स्टिट्यूट फॉर ओरिएंटल स्टडी ही संस्था आहे, तिची चर्चासत्रे होतात. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि सेंट झेवियर्समधली हेरास संस्था, दोन्ही सीएसएमटीपासून जवळ आहेत. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ आणि सदस्यत्वाचे नियम विचारून घ्या, कारण रविवारी दारे बंद असण्याचीच शक्यता अधिक.

रुमाल

ताई, खंड चाळताना एक करा. वसई मोहिमेच्या पत्रांत जी गावे येतात त्यांची वही करा: गाव, पत्राचा क्रमांक, शुहूर साल, कोणत्या संदर्भात उल्लेख आला तो. पुण्याला गेल्यावर कोणते रुमाल मागवायचे हे त्या वहीवरून ठरेल. नाहीतर पहिले दोन दिवस यादी वाचण्यातच जातात. अर्जासोबत ओळखपत्र आणि शक्य असल्यास विद्यापीठाचे किंवा एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र ठेवा. शाईचे पेन आत नेऊ नका, शिसपेन्सिल न्या.

डबा नंबर नऊ

आणि एक रुमाल न्या. नाकासाठी.

कळवा खाडी

वहीत गावाच्या नावापुढे पोर्तुगीज लेखनासाठी एक रकाना रिकामा सोडा. माजिवडे, कोलशेत, बाळकुम ही नावे त्या कागदांत कोणत्या रूपात येतात हे शोधण्यात मी मदत करू शकेन. पहिली दहा गावे झाली की, इथेच टाका.